ज्वारीचं पीठ अंदमानला

टूरवरून परत आलं की बॅग एका दिवसात रिकामी होते, वाळू मात्र संपत नाही. चपलेत सापडते, चार्जरच्या पिशवीत सापडते, महिन्याभरानं जीन्सच्या खिशात सापडते. किश्श्यांचंही तसंच आहे. सिडकोतल्या एका गाळ्याच्या ऑफिसातून मी कित्येक वर्षं लोकांना फिरायला नेते. काश्मीर झालं, केरळ झालं, पण किस्से सगळ्यात जास्त अंदमानचे. कारण सोपं आहे, आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. अशा माणसाला चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर नेऊन सोडलं की तो काय करेल याचा नेम नसतो!

परवा मैत्रिणी जमल्या होत्या. एक म्हणाली, "आम्ही अंदमानला चाललोय, काय काय लक्षात ठेवायचं ते सांग." मी म्हटलं, मला सल्ला सरळ सांगता येत नाही. एका ग्रुपची गंमत सांगते, त्यातून तुला पाहिजे ते उचल.

*

चितेगावचे बप्पा आणि सिंधूमावशी ऑफिसात आले ते मुलानं ढकलल्यामुळे. मुलगा कंपनीत नोकरीला. आईवडिलांनी एकदा विमानात बसावं ही त्याची हौस. बप्पा म्हणजे पांढरा सदरा, टोपी, गळ्यात तुळशीची माळ, आणि समोरचा माणूस काहीतरी चुकीचं सांगणार हे आधीच माहीत असल्यासारखा चेहरा.

"तिथं जेवायला काय भेटतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. विमान किती वेळ, समुद्र केवढा, काही नाही.

"भात, मासे, नारळ. पण आमचा स्वयंपाकी ग्रुपसोबत असतो. डाळ-भाजी, पोळी सगळं मिळेल."

"भाकर?"

"भाकरी नाही हो बप्पा."

बप्पांनी मुलाकडं असं बघितलं, जणू त्यानं त्यांना काळ्या पाण्याचीच शिक्षा सुनावली होती!

मग बापलेक खाली चहा प्यायला गेले आणि मावशींनी खुर्ची पुढं ओढली. "ताई, समुद्राचं मला काय कौतुक नाय. पण लग्न झाल्यापासून मी चूल पेटवली नाय असा दिवस गेला नाय. बाळंतपणात आईकडं होते तेवढंच. ह्या टूरमधी मला पिठात हात घालायचा नाय. शब्द द्या."

टूर मॅनेजरनं सहसा कुणाला शब्द देऊ नये. विमान वेळेवर सुटेल एवढासुद्धा नाही. पण मावशींच्या बोटांवरचे भाजल्याचे डाग बघितले आणि मी देऊन टाकला.

*

पहिला सल्ला: विमानात पीठ नेऊ नका. न्यायचंच असेल तर बायकोला सांगून न्या.

हैदराबादच्या विमानतळावर बप्पांची पिशवी मशीनमधून गेली आणि अडकली. सिक्युरिटीवाल्यानं चेन उघडली. आत धोतराच्या घडीत गुंडाळलेली, दोऱ्यानं करकचून बांधलेली भलीमोठी पुरचुंडी!

"ये क्या है?"

"जोंधळ्याचं पीठ," बप्पा म्हणाले.

सिक्युरिटीवाल्याला काही कळेना. तेव्हा मागून विलासराव धावले. त्यांचं वेरूळला लेण्यांच्या रस्त्यावर मूर्ती-माळांचं दुकान आहे. देशोदेशीच्या टुरिस्टांशी बोलून बोलून माणूस बोलण्यात इतका पक्का झालाय की कुठंही मध्ये पडतो. "साब, ज्वार का आटा है. इनकी दवाई है. सुबह-शाम नहीं मिली तो तबियत बिगडती है."

विलासरावांच्या चेहऱ्याकडं बघून पीठ सुटलं. आता सगळा ग्रुप मावशींकडं बघायला लागला. बप्पा टोपी सारखी करत पुटपुटले, "असू द्यावं म्हटलं संगं."

मावशी शांतपणे म्हणाल्या, "आणलंत ते बरं केलं. पण माझे हात घरीच राहिलेत!"

*

उतरल्या उतरल्या विलासरावांनी घरी आत्याला फोन लावला. "पोचलो गं आत्या. पोर्ट ब्लेअर! आता श्रीविजयपुरम म्हणतात... नाय, नाय, गाव तेच हाय, नुसतं नाव बदललंय. आपल्या जिल्ह्यासारखंच!"

हॉटेलात सगळे आपापल्या रूमवर गेले. मी चहाचा पहिला घोट घेते न घेते तोच रिसेप्शनवरचा माणूस आला. "मॅडम, आपके सब रूम में एक साथ पानी जा रहा है. टंकी आधी हो गई. कोई लीकेज है क्या?"

धावत गेले. सिडकोच्या कुलकर्णी काकूंची खोली पहिली होती. बादली भरलेली, आंघोळीचा मग भरलेला, चहाची किटली भरलेली, दोन्ही कप भरलेले, आणि कचऱ्याचा डबासुद्धा विसळून भरलेला!

"काकू, हे काय?"

"अगं, नळाला पाणी आलं होतं!"

बाकीच्या खोल्यांतही तोच प्रकार. सगळ्यांना कॉरिडॉरमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की बाबांनो, इथं पाणी चोवीस तास असतं. आपल्याकडच्यासारखी आठवडाभर वाट बघावी लागत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

काकू म्हणाल्या, "सुरुवातीला असंच सांगतात."

खोटं कशाला बोलू, रूमवर गेल्यावर मीही एक बादली भरून ठेवली.

*

दुसऱ्या बेटावर फेरीबोटीनं जावं लागतं. दुसरा सल्ला: त्या सकाळी हलकं खा. एखादं केळं, दोन बिस्किटं, बस.

मी आदल्या संध्याकाळी ओरडून सांगितलं होतं. सकाळी बघते तर काय, पोहे झाले, उपमा झाला, वर घरून आणलेले बेसनाचे लाडू चालले होते. "समुद्रात काय भेटतं, काय नाय, कुणाला माहीत!" हे विलासराव, तिसरा लाडू उचलता उचलता.

बोट बंदराबाहेर पडली आणि ग्रुपमध्ये अशी शांतता पसरली की तशी मला कुठल्याच टूरला मिळालेली नाही. ज्याच्या त्याच्या हातात कागदी पिशवी. विलासरावांचा चेहरा हिरवट पडला होता. मला खुणेनं जवळ बोलावून म्हणाले, "ताई, ड्रायव्हरला म्हणावं जरा दमानं घे. स्पीडब्रेकर लई हायत."

सगळ्या बोटीत ताठ बसलेला माणूस एकच, बप्पा! कुलकर्णी काकूंनी पिशवीतून तोंड काढून विचारलं, "बप्पा, तुम्ही कुठली गोळी घेतली हो?"

"गोळी कशाला? ज्यानं खाल्लंच नाय त्याचं पडंल काय?"

खरंच होतं ते. घर सोडल्यापासून त्यांचं जेवण असं झालंच नव्हतं. ऐकून मी मावशींकडं बघितलं. त्या काचेला नाक लावून समुद्र बघत होत्या. कौतुक नाही म्हणणारी बाई मान वळवायला तयार नव्हती!

*

आता जेवणाचं. आमचे स्वयंपाकी सलीमभाई, खुलताबादचे. त्यांच्या हातचा नानखलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, खाल्लेला माणूस त्यांना जन्मभर विसरत नाही, आणि आमच्या टूरवर तेच सलीमभाई गुमान बटाट्याची भाजी करतात. बेटावरच्या हॉटेलची मालकीण बंगाली. तिनं त्यांना अर्धं किचन वापरायला दिलं. पहिल्याच सकाळी सलीमभाई मासळी बाजार बघून आले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मॅडम, इत्ती ताजी मच्छी मैं जिंदगी में नै देखा! अपने पास तो बरफ में सोके आती."

अंदमानात मासे खाणाऱ्यांची चैन आहे. सुरमई, कोळंबी, खेकडे, शेवंडं, सगळं समुद्रातून थेट कढईत. बंगाली बाई मोहरी वाटून लावते, पलीकडचा तमिळ खानावळवाला नारळाच्या दुधात शिजवतो. शाकाहारी माणसानंही घाबरायचं कारण नाही. केळफुलाची भाजी, भोपळा, नारळ घातलेली डाळ, आणि भात म्हणाल तेवढा.

बप्पांनी डाळीचा एक घास घेतला आणि वाटी बाजूला सारली. "नारळ देवाम्होरं फोडायचा असतो. हे लोक डाळीत फोडतात!"

सलीमभाईंनी त्यांच्यासाठी शेंगदाण्याचा कूट घालून वेगळी आमटी केली. पोळ्या केल्या. ताट भरून भात वाढला. बप्पांनी चार घास कसेबसे खाल्ले, हात धुतला, तोंड पुसलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "हे झालं. आता जेवण कवा हाय?"

सलीमभाई माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं.

तिकडं मावशींनी सुरमईची तुकडी ताटात घेतली होती. सगळे थांबले. "असं काय बघताय? माळ ह्यांच्या गळ्यात हाय, माझ्या नाय. माहेरी आम्ही गोदावरीचे मासे खायचो. लग्नानंतर बंद झालं." काटे काढायचं त्या मुळीच विसरल्या नव्हत्या. बप्पांनी खुर्ची उचलली आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

मग व्हायचं तेच झालं. बाकीच्यांनाही भाकरीची आठवण यायला लागली. कुलकर्णी काकू गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, पीठ आहेच तर..." विलासराव लगेच, "ठेचा माझ्याकडं हाय!"

मावशींचा घास हातातच राहिला. मला असा राग आला! "ज्याला भाकरी पाहिजे त्यानं थापावी," मी म्हटलं. "मावशी टूरवर आहेत."

ठेच्याची बरणी परत बॅगेत गेली.

*

घड्याळ तिथं आपलंच असतं, पण सूर्याला त्याचा पत्ता नसतो. पहाटे पाचला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो. हा तिसरा सल्ला: दुपारी झोपू नका.

कुलकर्णी काका-काकूंनी बेटावर पहिल्याच दुपारी डुलकी काढली. उठून चहा घेऊन, पावडर लावून, कॅमेरा गळ्यात अडकवून खाली आले तर मिट्ट काळोख! दुसऱ्या दिवशी पाचचा गजर लावला. चपला सापडेपर्यंत खेळ खलास.

तिसऱ्या दिवशी काकू इरेला पेटल्या. जेवण होताच भर उन्हात छत्र्या घेऊन दोघं हॉटेलसमोरच्या वाळूत जाऊन बसले. जागा धरायची म्हणून चादर अंथरली. समुद्राकडं तोंड करून तास न् तास बसले. अंधार पडायला लागला तशी मी बोलवायला गेले.

"अगं, पण मावळला कुठं?" काकू.

"तुमच्या मागं मावळला. हा पूर्वेचा किनारा आहे काकू."

काकांनी वळून हॉटेलच्या छपराकडं बघितलं. मग चादर झटकत म्हणाले, "चला. सिडकोत आपल्या गच्चीवरून दिसतो तेवढा पुरे."

*

शंख-शिंपले, पोवळी किनाऱ्यावरून उचलून आणू नका. परतताना विमानतळावर काढून घेतात. घ्यायचंच तर दुकानातून पावतीसकट घ्या.

विलासरावांनी आधीच जाहीर केलं होतं, "मला कुणी गंडवू शकत नाय. माझी उभी हयात दुकानात गेली." बाजारात एका दुकानदारानं शिंपल्यांचा दिवा त्यांच्या पुढं धरला. "साहब, लास्ट पीस है. आप अपने लगते हो इसलिए निकाला."

विलासरावांनी माझा दंडच धरला. "ताई, हे वाक्य माझं हाय! मी वेरूळला रोज म्हणतो!" मग दुकानदाराला म्हणाले, "अब तू बोलेगा, बोहनी का टाइम है."

"है ही बोहनी का टाइम, साहब!"

दोघं खदाखदा हसले. दुकानदारानं चहा मागवला. गिऱ्हाईक बायकोसोबत असेल तर कुणाकडं बघून बोलायचं, भाव सांगताना नजर कुठं ठेवायची, सगळ्या विद्येची देवाणघेवाण झाली. आम्ही बसमध्ये खोळंबलेले. शेवटी विलासराव आले, बगलेत एक खोकं.

"घेतलंच का शेवटी?"

"मग काय करता? शेवटचा पीस होता!"

*

परतीचा दिवस जवळ आला आणि बप्पांनी हाय खाल्ली. केळी, बिस्किटं आणि शहाळ्याचं पाणी यावर माणूस किती दिवस काढणार? सकाळी किनाऱ्यावर चालता चालता ते नारळाच्या झाडाखाली मटकन बसले. अंगाला घाम सुटला होता. साखर-मीठ-पाणी पाजलं. जवळच्या दवाखान्यातला डॉक्टर येऊन बघून गेला. "कुछ नहीं हुआ है. इनको खाना खिलाइए."

सगळा ग्रुप मावशींकडं बघायला लागला. तेवढं बघणंच पुरेसं होतं.

मावशींनी एकदा समुद्राकडं बघितलं. मग उठल्या, पदर खोचला. "जाऊ द्या ताई. माणूस उपाशी हाय. कुठाय ते पीठ?"

मला फार वाईट वाटलं. एक शब्द दिला होता त्या बाईला आणि तोही राहत नव्हता. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही पाण्यात पाय सोडून बसा. आधी सलीमभाईंना बघू द्या." काकूंना त्यांच्यासोबत बसवलं आणि बप्पांना घेऊन मी किचनकडं निघाले.

सलीमभाईंनी पुरचुंडी सोडली. नानची कणीक मळणारा हात तो, त्यांनी ज्वारीच्या पिठात गार पाणी ओतलं आणि जोर लावून मळलं. पहिली भाकरी थापतानाच चिरली. दुसरी उचलताना मधोमध फाटली. तिसरी तव्यापर्यंत गेली आणि तिथं तिचे तीन तुकडे झाले. बंगाली बाई लाटणं घेऊन मदतीला आली, तर पीठ लाटण्यालाच चिकटून बसलं.

बप्पा दाराजवळ स्टुलावर बसून बघत होते. त्यांना राहवेना. "आधण घाल की! गार पाण्यानं कुठं भाकर व्हती?"

सलीमभाईंनी पाणी उकळलं. "अब?"

"आता जरा जरा घाल. एवढं नको! तळहातानं रगड. आरं, बोटानं काय करतोस, खाज सुटली व्हय त्याला?"

"बप्पा, तुमको इत्ता कैसा मालूम?"

"बघून बघून."

मला पटलं. ताटावर बसून बघणाऱ्याला सगळंच माहीत असतं, आमच्या घरीही तसाच एक आहे. सलीमभाईंनी परत गोळा घेतला, परत कड चिरली. बप्पांनी कपाळावर हात मारला, दुसऱ्यांदा मारला, आणि तिसऱ्यांदा मारायच्या ऐवजी उठले. "सरक तिकडं."

टोपी काढून खिडकीत ठेवली. बाह्या सारल्या. गोळा दोन्ही हातांत फिरवला, परातीत खाली पीठ भुरभुरलं आणि थापायला सुरुवात केली. थाप, थाप, थाप. भाकरी परातीत आपोआप गोल फिरायला लागली. कड पातळ, मध्य सारखा, कुठं चीर नाही. अलगद उचलून तव्यावर सोडली, वरून पाण्याचा हात फिरवला, योग्य वेळी उलथली. बंगाली बाईनं हातातलं लाटणं हळूच ओट्यावर ठेवलं.

मी बघत राहिले. हे बघून बघून येत नाही!

बप्पांनी तवा उतरवून भाकरी जाळावर धरली, आणि तेवढ्यात त्यांची नजर दाराकडं गेली. दारात सिंधूमावशी उभ्या होत्या. साडीचा काठ ओला, पायाला वाळू. वास आला म्हणून आल्या असाव्यात. मागं सगळा ग्रुप.

जाळावरची भाकरी टम्म फुगली.

"कवापासून येतंय?" मावशींनी विचारलं.

बप्पांनी भाकरी उलटली. सुलट केली. परत उलटली.

"मी काय इचारते?"

"लग्नाच्या आधी... येत व्हतं थोडं थोडं."

सलीमभाई बघायला लागले फुगलेल्या भाकरीकडं, विलासराव जमिनीकडं, मी मावशींकडं. मावशींनी खोचलेला पदर सोडला. टेबलाजवळची खुर्ची ओढली, बसल्या. बप्पांच्या हातातली भाकरी घेतली, तिचा पापुद्रा काढून वाफ जाऊ दिली, पहिला तुकडा मोडून तोंडात घातला आणि सावकाश चावून खाल्ला.

मग म्हणाल्या, "टाका दुसरी."